पॉइंट चार मोठं की पॉइंट पंचवीस?

मी लाकडी मीटरपट्टी बोलतेय. घाबरू नका, असं आधीच सांगून टाकते. ज्या वर्गात माझं आयुष्य गेलं, तिथली मुलं मला बघितलं की आधी हात पाठीमागे न्यायची आणि मगच माझ्याकडे बघायची.

शाळेचं सामान बनवणाऱ्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. रंधा मारून मला गुळगुळीत केलं. मग तापलेल्या साच्याखाली दाबून एका दमात माझ्या अंगावर हजार रेघा उमटवल्या. दोन्ही टोकांना पितळी टोप्या बसवल्या. टोप्या ठोकणारी बाई शेजारणीला म्हणाली, "लाकडाची टोकं लवकर झिजतात गं. पितळ असलं की वीस वर्षं बघायला नको." मला त्या टोप्यांचा अभिमान वाटायचा. पितळ हाडाला लागलं की काय होतं, हे मला तेव्हा कुठून माहीत असणार?

कागदात गुंडाळून मला एका शाळेत पाठवलं आणि पाचवीच्या वर्गात फळ्याशेजारी खिळ्याला टांगलं. त्या वर्गाला गणित शिकवणारे मास्तर उंच, सडपातळ, कडक इस्त्रीचे होते. त्यांचं फळ्यावरचं अक्षर असं की इतर शिक्षक दारात थांबून बघत. मला फळ्यावर आडवी धरून ते एक रेघ ओढायचे, तिचे दहा भाग करायचे, त्यातल्या एकाचे पुन्हा दहा. रेघ कशी, तर ताणलेल्या दोरीसारखी ताठ. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, माझं नशीब उघडलं.

दुसऱ्या आठवड्यात एका मुलाचं उत्तर चुकलं. मास्तरांनी फळ्यावरून मला उचललं आणि त्याच हालचालीत त्याच्या तळव्यावर मारलं. इतकं सहज, जसं एखादा हातातल्या रुमालानं माशी हाकलतो. त्या मऊ, घामेजलेल्या हातावर मी आपटले आणि वर्ग चिडीचूप झाला. खोटं कशाला बोलू? माझ्या आवाजानं चाळीस माणसं गप्प होतात, हे मला त्या दिवशी आवडलं होतं.

पुढे रोजचंच झालं. मास्तरांची एक खास पद्धत होती आणि तिचं शाळाभर कौतुक व्हायचं. ते शिक्षासुद्धा अपूर्णांकात द्यायचे. "तुला दीड. तुला सव्वा. आणि साहेब, तुम्हाला अडीच!" शिक्षकांच्या खोलीत यावर हशा पिकायचा. पालकसुद्धा हसायचे. "आमच्या पोराला पाव आणि पाऊण यांतला फरक तोंडपाठ झाला बघा," असं एका बापानं माझ्यासमोर मोठ्या खुशीत सांगितलं. त्याचा मुलगा शेजारीच उभा होता. तो हसला नाही.

पूर्ण फटका म्हणजे पट्टी सपाट. त्याचा आवाज मोठा, पण त्यातून निभावून जाता यायचं. अर्धा म्हणजे मला धारेवर धरून मारायचं. आवाज कमी, म्हणून तो अर्धा. मुलं पूर्ण फटके मोजून घ्यायची आणि अर्ध्याला थरथरायची. पुस्तकात अर्धा एकापेक्षा लहान असतो. त्या वर्गात तसं नव्हतं.

आता त्या मुलीबद्दल सांगते.

तिला सगळे गोगलगाय म्हणायचे. नाव मास्तरांनीच ठेवलं होतं. ती डावखुरी होती, हळू लिहायची आणि लिहिताना जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात धरायची. तिची आई एका लॉन्ड्रीत कपड्यांना इस्त्री करायची. मुलगी अभ्यासात ढ नव्हती. तिला एखादी गोष्ट पटल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही, एवढाच तिचा दोष.

त्या दिवशी मास्तरांनी फळ्यावर दोन संख्या लिहिल्या, शून्य पॉइंट चार आणि शून्य पॉइंट पंचवीस. "मोठी कोणती? गोगलगाय, सांग."

ती उठली. "पॉइंट पंचवीस, सर."

"कशी?"

"पंचवीस चारापेक्षा मोठे असतात ना, सर."

वर्गात कुणी हसलं नाही, कारण निम्म्या वर्गानं वहीत तेच लिहिलं होतं.

"चूक. बस, नाही, बसू नकोस. पुन्हा सांग."

तिथं कुणीही 'पॉइंट चार' म्हणून मोकळं झालं असतं. ती नाही झाली. कपाळाला आठ्या घालून फळ्याकडे बघत म्हणाली, "पण सर, चार मोठे कसे होतील? तुम्हीच काल म्हणालात, आकडे जास्त तेवढी संख्या मोठी."

काल ते तसं म्हणाले होते. वेगळ्या, साध्या संख्यांबद्दल, पण म्हणाले होते. मला आठवत होतं, वर्गाला आठवत होतं, आणि मास्तरांनाही आठवलं. त्यांचा कान लाल झालेला मी बघितला.

"मला शिकवतेस? हात पुढे कर. अडीच."

तिनं डावा हात पुढे केला. पहिला फटका. दुसरा फटका. मग त्यांनी मनगट वळवून मला धारेवर धरलं. दर वेळी ते अर्ध्या फटक्याला हात जरा आखडता घ्यायचे. त्या दिवशी घेतला नाही. मी खाली आले तेव्हा तिची बोटं किंचित वाकली होती. माझं पितळी टोक मधल्या बोटावर आणि त्याच्या शेजारच्यावर पडलं.

आवाज झाला. बारीकच, पण तो आधी कधीच झाला नव्हता. लाकडाला लाकूड मोडल्याचा आवाज बरोबर कळतो, आणि हाडाचाही तसाच असतो.

ती रडली नाही. तोंड उघडं राहिलं, त्यातून काहीच बाहेर आलं नाही. मास्तर म्हणाले, "जागेवर जा. उदाहरण पुरं कर." ती गेली. पेन्सिल उचलली, पेन्सिल पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा मास्तर मला बाकावर आपटून ओरडले, "नाटकं बंद!" तेव्हा तिनं उजव्या हातानं पेन्सिल धरली आणि वाकड्यातिकड्या आकड्यांत उदाहरण लिहून काढलं. मधल्या सुट्टीत पाणी भरणाऱ्या मावशींनी तिचा हात बघितला. फुगून वांग्याच्या रंगाचा झाला होता. "अगं माझे बाई," एवढंच म्हणून त्या तिला कडेवर घेऊन पळत गेल्या. पाचवीतली मुलगी, तरी कडेवर.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला तिची आई आली. एका हातात मुलीचा प्लॅस्टरवाला हात. दार वाजवलं नाही, सरळ आत.

"सर, माझ्या मुलीला कशानं मारलंत?"

"हे बघा, आधी ऑफिसात जा. वर्ग चालू आहे."

"कशानं?"

"शिस्तीसाठी थोडं..."

"मी 'का' नाही विचारलं. कशानं, ते विचारलं."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. तेवढं तिला पुरलं. तिनं मला खिळ्यावरून काढलं. दिवसभर जड इस्त्री ओढून तिचा दंड एखाद्या सुतारासारखा झाला होता. तिच्या मुठीत मी काडीसारखी हलकी झाले.

"अडीच म्हणजे किती, सर? मला शिकवा. मी शाळेत गेले नाही."

"बाई, तुम्ही भलतंच..."

पहिला फटका त्यांच्या खांद्यावर बसला. मास्तर टेबलावर कोलमडले, शाईची दौत फुटली. दुसरा त्यांनी हात वर करून अडवला आणि किंचाळले. मुलांपैकी कुणीतरी टाळी वाजवली. एका मुलाला ओकारी झाली. बाकीची बाकांखाली शिरली. आईचा चेहरा मला वरून दिसत होता. तो ओळखीचा होता. काल मास्तरांचा तसाच होता.

"आई, पुरे!" मुलगी ओरडली. काल जे रडली नव्हती, ते सगळं आता बाहेर पडलं. "आई, नको! आई, पुरे!"

पण अर्धा फटका निघाला होता. धारेवर. मास्तर खाली बसले म्हणून वाचले. मी टेबलाच्या कडेवर पडले आणि त्रेसष्ट सेंटिमीटरवर तिरपी मोडले.

पुढचं सगळं मोठ्या माणसांसारखं झालं, म्हणजे कागदावर. पोलीस आले. माझा सदतीस सेंटिमीटरचा तुकडा पुरावा म्हणून पिशवीत घालून नेला, तो परत आला नाही. आईला दोन दिवस कोठडीत बसवलं. मग समेट झाला. त्यांनी तक्रार करायची नाही, यांनीही करायची नाही. मास्तरांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला. फाटकाशी उभे राहून पालक बोलत, "कडक होते, पण पोरांचं गणित पक्कं करायचे हो." कुणाचं पक्कं झालं होतं, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

वर्गाला तीन आठवडे गणिताचं कुणीच नव्हतं. मला कुणी फेकलंही नाही. मी कोपऱ्यात, एका बाजूला पितळ आणि दुसऱ्या बाजूला कुसळं घेऊन पडून होते.

मुलांनी मला तिथून उचललं. त्यांनी एक खेळ काढला, मास्तर-मास्तर. एकानं मास्तर व्हायचं, अवघड प्रश्न विचारायचा, आणि चुकेल त्याला दीड, सव्वा, अडीच. आवाजाची नक्कल हुबेहूब करायची. आधी हळू मारत. दोन-चार दिवसांत जोर वाढला. तीन मुलांच्या हातांत माझी कुसळं घुसली. मारणाऱ्यांच्या, मार खाणाऱ्यांच्या नव्हे.

त्या वर्गात पेन्सिल नावाची एक मुलगी होती. बारीक, लांब मानेची, म्हणून पेन्सिल. कुणाच्या अध्यात ना मध्यात. एके दिवशी मास्तर व्हायची पाळी गोगलगायीवर आली. मला वाटलं, ही नाही म्हणेल. तिच्यावर काय गुदरलं होतं, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तिनं मला पितळी टोकाकडून उजव्या हातात धरलं. डाव्याला प्लॅस्टर होतं. "पेन्सिल, उठ. पॉइंट चार मोठं की पॉइंट पंचवीस?"

पेन्सिल म्हणाली, "मला नाही माहीत."

"चूक. वळ."

आणि तिनं पेन्सिलच्या पाठीवर मला हाणलं. आजवर त्या खेळात कुणी मारलं नव्हतं एवढ्या जोरात. एक. दोन. तीन. चार. अपूर्णांक वगैरे काही नव्हतं. ती नुसती मारत सुटली होती. पेन्सिलचा सदरा माझ्या कुसळांनी फाटला आणि खाली रक्ताची बारीक रेघ आली. वर्ग आधी ओरडत होता, मग थंड पडला.

तेवढ्यात दार उघडलं. गणिताच्या नव्या बाई आल्या होत्या. शाळेतला पहिला दिवस, खांद्याला कापडी पिशवी, हातात हजेरीपट. त्यांनी फाटलेला सदरा बघितला, रक्त बघितलं. हजेरीपट टाकून त्या धावल्या, मुलीच्या हातातून मला हिसकावलं आणि तिच्या डोक्यावर उगारलं.

मी त्यांच्या हातात होते, म्हणून छातीठोक सांगते. तो हात थांबणार नव्हता. फटका सुरू झाला होता.

गोगलगायीनं आपला हात पुढे केला. तळवा वर, बोटं सरळ. सवयीनं. आणि मग एकापाठोपाठ एक, सगळ्या वर्गानं हात पुढे केले. पहिला बाक, दुसरा बाक, शेवटचा बाक. पेन्सिलनंसुद्धा, पाठीतून रक्त येत असताना. चाळीस तळवे. कुणी सांगितलं नव्हतं.

बाईंचा हात हवेतच थांबला. त्यांनी मला खाली ठेवलं आणि खुर्ची न बघता फरशीवरच बसल्या.

"मी मारणार होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघितलंत ना? मी खरंच मारणार होते." मग म्हणाल्या, "हात खाली घ्या रे. घ्या ना खाली."

पाठ धुवायला पेन्सिलला मावशींकडे पाठवलं. गोगलगायीला त्या काही बोलल्या नाहीत. ती भिंतीला टेकून उभी राहिली, सुट्टी होईपर्यंत.

नव्या बाईंच्या शिकवण्याची सुरुवात गोंधळाची झाली. मुलांना वाटलं, बाई मारत नाहीत म्हणजे बावळट आहेत. दोन आठवडे त्यांचा घसा बसला होता. एकदा त्या मोठ्या बाईंसमोर, म्हणजे मुख्याध्यापिकेसमोर, रडल्याही. मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो, थोडा धाक हवाच. हातात नुसती पट्टी धरली तरी पुरतं." बाईंनी मला हातात धरलं नाही. कपाटामागे सरकवून ठेवलं. तिथल्या फटीतून मला अर्धा वर्ग दिसायचा.

मग एके दिवशी त्यांनी कागदाच्या लांबच लांब पट्ट्या आणल्या, बरोबर एक मीटरच्या. बाक भिंतीला लावले आणि मुलांना चौघाचौघांत फरशीवर बसवलं. "ही एक अख्खी. हिचे दहा सारखे भाग करा. मग त्यातल्या काही भागांचे पुन्हा दहा-दहा. कात्र्या जपून. बोटं कापू नका, बोटांचे दशांश आपल्याला शिकायचे नाहीत." कुणीतरी हसलं. त्या वर्गात गणिताच्या तासाला मी ऐकलेलं ते पहिलं हसू.

दशांशाचा तुकडा वितीपेक्षा लहान. शतांशाचा नखाएवढा. मुलं कापत होती, मोजत होती, भांडत होती. प्लॅस्टर निघालेल्या हाताची गोगलगाय एका टोकाला बसली होती. तिची दोन बोटं वाकडी जुळली होती, मधलं आणि त्याच्या शेजारचं. कात्रीच्या कडीत ती जाईनात. तिच्या गटात नेमकी पेन्सिल आली होती. पेन्सिलनं कात्री घेतली आणि तिच्या वाटचं कापून दिलं.

"आता चार दशांश एका ओळीत लावा," बाई म्हणाल्या. "खाली पंचवीस शतांश लावा."

गोगलगायीनं चार तुकडे लावले. मग नखाएवढे पंचवीस, एकेक करून, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून. खालची ओळ वरच्या ओळीच्या अर्ध्याच्या थोडी पुढे येऊन संपली. तिनं पुन्हा मोजले. पंचवीसच होते.

मला वाटलं, आता हिचा चेहरा उजळेल. बाईंनाही तसंच वाटलं असावं, त्या हसत तिच्याकडे आल्या.

"बाई," ती म्हणाली, "वर किती जास्त आहे?"

"तूच मोज."

तिनं मोजलं. "पंधरा शतांश."

"बरोबर!"

"म्हणजे एवढंच?" तिनं दोन्ही हातांच्या बोटांमध्ये ती जागा धरली. "एवढ्यासाठी? एवढ्या कागदासाठी?"

आणि तिनं सगळे तुकडे मुठीत घेऊन भिरकावले. दुसऱ्या गटाच्या ओळी पायानं उधळल्या. कागद फाडला, कात्री भिंतीवर फेकली, आणि ओरडत राहिली, "एवढ्यासाठी? आई दोन दिवस आत होती! एवढ्यासाठी?" बाईंनी तिला मागून मिठीत धरलं. तिनं बाईंच्या हाताला चावा घेतला, दात उमटेपर्यंत. बाईंनी सोडलं नाही.

ओरडून ओरडून ती थकली, तेव्हा समोर उभी असलेली पेन्सिल हळूच म्हणाली, "माझ्या पाठीवर अजून वण आहे."

गोगलगाय तिच्याकडे बघत राहिली. "मी केलाय तो," ती म्हणाली. "खूप दुखलं?"

"हो."

"मला माहीत होतं दुखणार. तरी मारलं."

पेन्सिलनं वाकून एक तुकडा उचलला. मग दोघी फरशीवर बसून विखुरलेले शतांश गोळा करू लागल्या. मैत्री झाली वगैरे मी म्हणणार नाही. त्या दिवशी त्यांनी तुकडे गोळा केले, एवढंच मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला कपाटामागून काढलं. वर्ग एकदम ताठ झाला. बाई म्हणाल्या, "कागद फाटतात. आपल्याला लाकडाचे दशांश हवेत. हिचे सहा होतील." आणि गोगलगायीला विचारलं, "कापशील?"

शाळेच्या शिपायाकडून करवत आणली. त्यानं मला बाकावर दाबून धरलं. गोगलगायीनं शिसपेन्सिलीनं दहा, वीस, तीस अशा साठपर्यंत खुणा केल्या आणि डाव्या हातात करवत घेतली. दोन वाकडी बोटं मुठीबाहेर राहिली. दात माझ्यात रुतले. ती दमादमानं नव्हे, दातओठ खाऊन कापत होती, आणि प्रत्येक तुकडा पडला की आणखी जोरानं. मला दुखलं. मी तक्रार करत नाही. ज्या हातावर मी पडले होते, त्याच हाताखाली होते.

आता मी सहा तुकडे होऊन एका पत्र्याच्या डब्यात असते. कुसळांचं टोक चुलीत गेलं. तुकडे अगदी बरोबर दहा सेंटिमीटर नाहीत, करवत मधलं थोडं खाते. बाई मुलांना तेही मोजायला लावतात. दरवर्षी नवी पाचवी येते, डबा उपडा करते, मला ओळीत लावते, माझ्यावरून भांडते. मुठीत मावेल एवढ्या लाकडानं कुणाला धड मारता येत नाही. फेकून मारता येतं, आणि एकदा एकानं मारलंही. त्याला दिवसभर माझ्याशिवाय बसावं लागलं आणि तो खूप चिडला.

तुमच्या घरातलं पोर चुकीचं उत्तर घेऊन समोर उभं राहील. तुम्ही दमलेले असाल, कान लाल झाला असेल, हाताशी माझ्यासारखं काहीतरी असेलच. तेव्हा एवढं विचारा, "हे उत्तर काढलंस कसं?" आणि ते सांगून होईपर्यंत हात खिशात ठेवा. ती मुलगी सांगत होती. आम्ही दोघांनी ऐकलं नाही, मास्तरांनी आणि मी.